मिठाला जागणारं पाणी

साडेसहाशे मीटर खाली
आमची पाळी एका थेंबाने सुरू होते.
डेटलेफ दिवा धरतो, मी ताडपत्रीखालचं माप वाचते:
काल किती लिटर, आज किती,
घनता किती, तापमान किती,
एक बाटली प्रयोगशाळेला.
मग वहीत सही.
एकतीस वर्षांत सहीतलं शेवटचं अक्षर
कागदावर उमटेनासं झालंय.

वर बीटची शेतं आहेत, एक चर्च, चौदा विहिरी.
त्यांच्यावर पाऊस पडतो
तो कुणाला विचारून पडत नाही.

बाबा म्हणायचे, मीठ हाच पुरावा.
इथे पाणी कधी आलं असतं तर मीठ उरलंच नसतं.
समुद्र आटला तेव्हापासून
ज्या अर्थी हे आहे, त्या अर्थी ते नाही.
या गणिताच्या भरवशावर
आगगाडीने पिवळी पिंपं आली,
बाबांनी लोडरवर घेऊन ती उतारावरून ढकलली,
एकावर एक, पडतील तशी,
आणि वरून मिठाचा ढीग.
दुपारी तिथेच बसून त्यांनी डबा खाल्ला,
उकडलेल्या अंड्यावर
भिंतीचं मीठ खरवडून.

गणितात एकच गोष्ट धरायची राहिली: आपण.
खणलं आपण, पोकळ केलं आपण.
डोंगर पोकळी फार दिवस सहन करत नाही,
हळूहळू वाकतो,
वाकताना कुठेतरी चिरतो.
आणि पाण्याला चीर दाखवावी लागत नाही.

नव्या पोरांना मी सांगते,
थेंबाला भिऊ नका, तो कुठून आला ते विचारा.
वाटेतच पोटभर मीठ खाऊन आलेलं पाणी
आमच्या भिंतींना हात लावत नाही.
खाल्ल्या मिठाला जागतं ते.
भीती उपाशी पाण्याची.
गोडं, हलकं, कालपरवाच्या पावसाचं,
जे भिंत खाईल, खांब खाईल,
गंजलेल्या पिंपाच्या कडेपर्यंत पोचेल
आणि तिथे जे आहे ते पाठुंगळीला घेऊन
विहिरींकडे निघेल.
किती वर्षांनी? पोरं विचारतात.
तुमच्या आडनावांच्या स्पेलिंगवरून
अजून कुणी भांडत असेल तोवर नक्की नाही, मी म्हणते,
आणि ती हसतात, आणि मी
हे खरं आहे का याचा विचार करत लिफ्टमध्ये चढते.

गेल्या मंगळवारी ताडपत्री कोरडी होती.
माप: शून्य.
डेटलेफने दिवा खाली ठेवून टाळ्याच वाजवल्या.
वर फोन गेला, वरून फोन आला,
दुपारपर्यंत कुणीतरी केकही पाठवला,
बदामाचा.
मी कान भिंतीला लावून उभी.
एकतीस वर्षं टपटपणारी गोष्ट
एका रात्रीत शहाणी होत नाही.
पाऊस वर चालूच होता, बूट अजून चिखलाचे होते.
म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं.

संध्याकाळी बाबांकडे गेले.
ब्याऐंशी वर्षांचे बाबा रोज एवढंच विचारतात: किती?
कालपर्यंत आकडा सांगितला की मान हलवून
सूप प्यायला लागायचे.
"शून्य," मी म्हटलं.
चमचा हवेत थांबला.
खिडकीत त्यांचा मिठाचा खडा आहे,
निवृत्तीच्या दिवशी खिशातून आणलेला;
पावसाआधी त्याला घाम फुटतो.
खड्याखालची बशी त्यांनी माझ्याकडे सरकवली,
तिच्यात बोटभर ओल.
"खाली उतर," म्हणाले. "अजून खाली."
आणि मग, बराच वेळाने,
ज्याची मी आयुष्यभर वाट पाहिली होती
तसं काहीच नाही, फक्त:
"सूप गार झालं."

शुक्रवारी खालच्या बोगद्यात,
पिंपांच्या खोलीपासून चाळीस पावलांवर,
माझा बूट जमिनीला चिकटला.
वाकून बाटली भरली. घनता पाहिली.
पुन्हा पाहिली.
डेटलेफ काही बोलला नाही,
त्याने दिवा थोडा जवळ आणला.

वहीत या जागेचा रकाना नव्हता.
पट्टी काढून
मी एक आखला.